पुढे पूल नाही

तारीख २ ऑगस्ट २०१६, वार मंगळवार. मालवणच्या भरड नाक्यावरून एक आयशर कसालच्या दिशेने निघते आहे आणि तिच्या केबिनमध्ये, क्लीनरच्या जागी, तुम्ही बसला आहात. मागे काजूगराचे डबे आहेत, उद्या सकाळी वाशीच्या मार्केटात उतरायचे. काचेवर आंगणेवाडीच्या भराडीदेवीचा फोटो, बंपरला लिंबू-मिरची. स्टेअरिंगवर पन्नाशीचा माणूस आहे. त्याला नाव देत नाही, कारण तो कोणी एक नव्हे. त्या दुपारी सिंधुदुर्गातून मुंबईच्या वाटेला लागलेल्या कितीतरी ड्रायव्हरांपैकी कोणीही तो असू शकतो. तुम्ही त्यांना काका म्हणा.

गिअर टाकण्याआधी काका हात जोडतात. "बा देवा म्हाराजा, गाडी सुखरूप व्हर आणि सुखरूप हाड." तुमच्याही तोंडून आपोआप निघतं, "व्हय म्हाराजा!"

आज आषाढी अमावस्या, दिव्यांची अवस. घराघरांत दिवे घासून पुसून पुजले जात आहेत आणि हायवेवरच्या धाब्यांवर दुपारपासूनच गर्दी आहे, कारण उद्या श्रावण लागतो. समुद्राला उधाण आहे. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपली असली तरी होड्या अजून वर ओढलेल्याच आहेत. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ दिल्याशिवाय जुनी माणसं दर्यात शिरत नाहीत. त्यामुळे सर्जेकोटहून बर्फ घालून निघणाऱ्या म्हावऱ्याच्या गाड्या आज रस्त्यावर नाहीत. एरवी वाटेत त्या दहा ठिकाणी भेटतात, डिप्पर मारून ओळख देतात आणि पुढे काय आहे ते सांगून जातात. रस्त्याची खबर अशीच फिरते. समोरून येणाऱ्याने दोनदा डिप्पर मारला की पुढे काहीतरी आहे, हात खिडकीबाहेर काढून खाली दाबला की सावकाश हाण.

"पावस मरणाचो लागलो हा," काका म्हणतात. वायपर जिवाच्या आकांताने हलतो आहे आणि तरी काच धुतल्यासारखी होत नाही.

तुम्ही गप्प आहात. रात्री काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही पुढच्या वर्षांतून इथे आला आहात. कट्टा मागे पडतो, कसालला हायवे लागतो, कणकवलीत गडनदी तांबडी होऊन पुलाखालून वाहताना दिसते, आणि मग तुम्हाला राहवत नाही.

"काका, आज जुन्या पुलावरून गाडी घालू नका."

काका तुमच्याकडे बघतात. रागावत नाहीत, हसतही नाहीत.

"खयच्या?"

हा एवढा एकच प्रश्न, आणि त्यापुढे तुम्हाला उत्तर सुचत नाही. काका बोटं मोडत मोजायला लागतात. खारेपाटणची शुकनदी. राजापूरची अर्जुना. लांज्याच्या पुढे आंजणारीला काजळी. मग बावनदी. संगमेश्वराला सोनवी, तिच्यापुढे शास्त्री. चिपळुणात वाशिष्ठी. खेडात जगबुडी. मग घाट उतरून सावित्री. प्रत्येक नदीवर साहेबाच्या काळातला पूल, अरुंद, दोन ट्रक समोरासमोर आले की आरसे मिटवावे लागतात. सह्याद्रीतून निघालेलं पाणी थोडक्याच अंतरात समुद्राला मिळतं, त्यामुळे पाऊस डोंगरात पडला की तासाभरात खाली नदी अंगावर येते. मुंबई-गोवा महामार्ग या सगळ्या नद्यांना आडवा जातो. पूल टाळायचे म्हणजे कोकणात राहायचंच नाही.

"माका पुलाखालचा कायएक दिसणा नाय," काका म्हणतात. "माका वरचो रस्तो दिसता. वरचो रस्तो बरो असलो की गाडी घालूची."

दहा तासांच्या त्या प्रवासातलं हे वाक्य लक्षात ठेवा. पुलावर गाडी घालणाऱ्या माणसाला पुलाबद्दल जे कळतं ते एवढंच. दगडी कमानींचा पूल वरून कधीच आजारी दिसत नाही. डांबर नवं असतं, कठडे चुन्याने रंगवलेले असतात. जे बिघडतं ते खाली, पाण्यात. पूर आला की खांबाभोवती पाणी भोवरे घेतं आणि नदीचा तळ उकरतं. पायाखालची वाळू, गोटे, माती वाहून जातात, पाया उघडा पडतो. पूर ओसरला की तोच खड्डा गाळाने पुन्हा भरतो आणि उन्हाळ्यात पाहणीला आलेल्या माणसाला सगळं ठीक दिसतं. नदीतून रेती उपसली जात असेल तर हे काम आणखी लवकर होतं. गड आणि कर्ली नदीच्या खाड्यांतली वाळू वाहून नेणारे डंपर चालवणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगायला नको. आणि कमानीच्या पुलाचा स्वभाव असा की प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला रेटा देऊन उभी असते. मधला एक खांब बसला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानी जातात. हे व्हायला वेळ लागत नाही, आणि होण्याआधी वर उभ्या असलेल्या माणसाला सांगावा मिळत नाही.

खारेपाटण ओलांडल्यावर सिंधुदुर्ग संपतो. राजापूर, लांजा, पाली, हातखंबा. २०१६ मधला हा रस्ता तुम्ही विसरला असाल तर आठवा: दोन लेन, मधोमध पांढरी पट्टी तीही पुसलेली, साइडपट्टीत चिखल, वळणावळणावर खड्डे. चौपदरीकरणाच्या गप्पा गावागावांत आहेत, जमिनीचे मोबदले कुणाला किती याची भांडणं आहेत, पण इकडच्या भागात रस्ता अजून जुनाच आहे. संगमेश्वरच्या अलीकडे काळोख पडतो. अमावस्येचा काळोख आणि वर पावसाचा पडदा. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे काचेवर फुटतात आणि क्षणभर काहीच दिसत नाही. एक लाल एसटी तुम्हाला ओव्हरटेक करून निघून जाते. पाटी वाचता येत नाही. आतले दिवे विझलेले, माणसं झोपली असणार.

काकांचा फोन वाजतो. वाशीचा व्यापारी. माल कधी पोचतो? "सकाळी सात पर्यंत टाकतंय शेठ." फोन ठेवल्यावर ते काही बोलत नाहीत, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा जड झालेला तुम्हाला जाणवतो. मार्केटात उशिरा पोचलेल्या मालाचं भाडं कापलं जातं, आणि परतीच्या ट्रिपचा नंबर जातो तो वेगळाच.

साडेनऊच्या सुमाराला भरणे नाक्याच्या अलीकडे जगबुडीचा पूल लागतो आणि काका वेग निम्मा करतात. १९ मार्च २०१३ ची पहाट या रस्त्यावरचा एकही ड्रायव्हर विसरलेला नाही. गोव्याहून मुंबईकडे निघालेली खाजगी बस याच पुलाचा कठडा तोडून खाली नदीपात्रात गेली, ३७ माणसं मेली. त्या दिवशी पाऊस नव्हता, पूर नव्हता. पण या पुलाला एक गोष्ट आहे जी पुढच्या पुलाला नाही. जगबुडीने धोक्याची पातळी ओलांडली की इथे पोलीस उभे राहतात आणि वाहतूक बंद होते. ड्रायव्हर शिव्या घालतात, तासन् तास लाइन लागते, नाशिवंत माल कुजतो. तरी थांबतात, कारण थांबवणारा कोणीतरी आहे. थांबायचं की जायचं, हा निर्णय त्यांच्या एकट्याच्या गळ्यात पडत नाही. आज पाणी त्या पातळीखाली आहे. गाडी पार होते.

मग कशेडी घाट. बोगदा अजून झालेला नाही, तो व्हायला सात वर्षं आहेत. वळणावर वळण, डाव्या बाजूने पाण्याचे लोट रस्त्यावर येतात, मधेच माती आणि दगड. कशेडी टॅपवर पोलिसांची एक गाडी उभी आहे, आतला शिपाई बाहेर येत नाही इतका पाऊस. मोबाइलला रेंज नाही. तुम्ही घड्याळ बघता. अकराला पाच कमी. तुम्हाला हिशेब येतो: घाट उतरून पोलादपूर, तिथून राजेवाडीच्या आसपासचा पूल, जेमतेम अर्धा-पाऊण तास.

"काका, वायच च्या घेवया?"

हे तुम्ही का म्हणालात ते काकांना कळत नाही. पण पोलादपूरला टपरी उघडी आहे, पाय आखडले आहेत. ते गाडी साइडला घेतात. दोन कप चहा, एक खारी, पायांना जरा मोकळीक. काका घड्याळ बघतात, तुम्ही आणखी एक कप मागता. काल्पनिक प्रवासात एवढी मुभा तुम्हाला आहे. खऱ्या रात्री ती कुणालाच नव्हती. कुणी पोलादपूरला चहाला थांबला म्हणून वाचला, कुणी थांबला नाही म्हणून गेला, आणि दोघांनाही त्या वेळी त्यातलं काही कळलं नाही.

साडेअकरा वाजून गेलेत. महाडकडे जाताना पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकामागे एक थांबलेले दिसू लागतात. समोरून एक माणूस रस्त्याच्या मधोमध धावत येतो आहे, हातात बॅटरी, दुसऱ्या हाताने शर्ट काढून हलवतो आहे.

"थांबा! पुढं जाऊ नका! पूल नाही पुढं!"

काका काच खाली करतात. "काय झाला?"

"पूल गेला. सावित्रीचा. गाड्या गेल्या वरच्या."

सगळ्यात आधी कळलं ते पुलाजवळच्या एका गॅरेजमधल्या माणसांना. पुलावर शिरलेल्या गाड्यांचे दिवे त्यांना दिसले आणि मग दिसेनासे झाले. ती माणसं पावसात रस्त्यावर धावली, येणाऱ्या गाड्या अडवल्या, पोलिसांना फोन केले. त्या रात्री आणखी किती गाड्या नदीत जायच्या वाचल्या याची मोजदाद कुणी करू शकत नाही. काम त्यांचं नव्हतं. ते काम ज्यांचं होतं त्यांच्यापैकी पुलावर कोणी नव्हतं.

तुम्ही खाली उतरता. कुठे मोठा आवाज नाही, फक्त पाण्याची गर्जना, आणि ती इतकी मोठी की शेजारच्याला हाक मारायची तर कानाशी तोंड न्यावं लागतं. २००१ मध्ये बांधलेला दुसरा पूल शेजारीच उभा आहे, गोव्याकडे जाणाऱ्यांसाठीचा. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या जुन्या पुलावरून जायच्या, १९२८ मध्ये बांधलेल्या. त्याच्या जागी आता पाणी आहे आणि दोन्ही टोकांना तुटलेला रस्ता.

लाइन वाढत जाते. दिवे बंद करून ड्रायव्हर खाली उतरतात, ताडपत्रीच्या तुकड्याखाली घोळके करून उभे राहतात. रत्नागिरीचा, कोल्हापूरचा, केरळातून आलेला, आणि आपले काका. सगळ्यांच्या बोलण्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते. माझ्या पुढची गाडी कोणती होती? एक जण म्हणतो, लोट्याला मला एक टवेरा क्रॉस करून गेली. दुसरा म्हणतो, एसटी होती, मी साइड दिली. तो हे तीनदा सांगतो. साइड दिली, मीच साइड दिली. तिसऱ्याने रस्त्यात झाडाची फांदी आडवी टाकली आहे आणि तो तिथून हलायला तयार नाही. पोलीस आले, दोर बांधला, तरी तो फांदीपाशीच उभा आहे आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतो आहे. घरी फोन लावतात, लागत नाही, पुन्हा लावतात. ज्याचा लागतो तो बाकीच्यांच्या घरचे नंबर घेतो. काका मालवणात फोन करतात. "मी बरो आसंय. टीव्ही लावू नको. नाय, तसा काय नाय. सकाळी सांगतंय."

मग त्यांचा फोन वाजतो. वाशी. तुम्ही बघता, ते स्क्रीनकडे बघतात आणि उचलत नाहीत.

पहाटे उजाडतं तेव्हा नदी तांबडी आणि रुंद आहे, झाडं, ओंडके वाहताहेत. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते. वर महाबळेश्वरात रात्रभर पाऊस, खाली अमावस्येचं उधाण. खाडीला भरती असली की महाडचं पाणी ओसरायला वेळ लागतो, हे महाडकरांना दर पावसाळ्यात भोगून ठाऊक आहे.

दिवस वर येतो तशी नावं कळत जातात. दोन एसटी बस: जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. चालक-वाहक धरून दोन्हीत मिळून २२ माणसं. शिवाय एक टवेरा आणि आणखी माणसं. एकंदर ४० च्या आसपास जीव. एसटीचे ड्रायव्हर हे रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना चेहऱ्याने माहीत असतात. रोज रात्री त्याच वेळी तीच गाडी तिथेच भेटते, नाव कधी विचारलेलं नसतं, डिप्परची ओळख असते. आज घोळक्यातले दोघे-तिघे सांगताहेत, तो जाडसर, मिशीवाला, तोच असेल का?

पुढचे दिवस तुम्ही तिथे नाही, पण ते घाईने सांगून टाकण्यासारखे नाहीत. एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दल आलं. ३०० किलोचं लोहचुंबक क्रेनला बांधून नदीत सोडलं, लोखंडाला चिकटेल म्हणून. पाणी इतकं गढूळ की पाणबुड्यांना हाताशी असलेलं दिसत नव्हतं, त्यात सावित्रीतल्या मगरी. आठवडा उलटून गेल्यावर पहिल्या बसचा सांगाडा सापडला. देह त्याआधीच समुद्राच्या दिशेने गेले होते, खाली खाडीकाठी आणि थेट दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यापर्यंत किनाऱ्याला लागले. काही कधीच मिळाले नाहीत. ज्यांच्या घरच्यांना देहही मिळाला नाही त्यांचा श्रावण कसा गेला असेल हे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

सरकारने सांगितलं की त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीला सुरक्षित ठरला होता. न्यायालयीन चौकशी नेमली गेली, राज्यातल्या जुन्या पुलांची तपासणी जाहीर झाली, सावित्रीतल्या रेती उपशावर चर्चा झाली. नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि ५ जून २०१७ रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर, खुला झाला. हे काम चांगलं झालं, आणि तसं म्हटलं पाहिजे. इतक्या झटपट पूल बांधता येतो हे त्यातून सिद्ध झालं, आणि म्हणूनच आधी का नाही हा प्रश्न जास्त टोचतो.

आता काकांना तिथेच सोडून थोडं पुढे या. १४ ऑगस्ट २०१८, इटलीतलं जेनोवा शहर, भर पावसात मोरांदी पूल कोसळतो. ४३ माणसं मरतात. तुटलेल्या टोकापासून थोड्या अंतरावर एक हिरवा ट्रक उभा राहिलेला जगभर दिसला, ड्रायव्हर उडी टाकून मागे पळालेला, वायपर चालूच. पुढे एका गाडीने ओव्हरटेक केलं म्हणून त्याने वेग थोडा कमी केला होता, तेवढ्यावर तो वाचला. ९ जुलै २०२५, गुजरातमध्ये वडोदरा आणि आणंद जिल्ह्यांना जोडणारा गंभीरा पूल, महिसागर नदीवर. १९८५ चा, म्हणजे साहेबाच्या काळातला नव्हे, आपलाच. मधला तुकडा गेला, वाहनं नदीत पडली, २० च्या वर माणसं गेली, आणि एक टँकर तुटलेल्या कडेला लटकत राहिला, कित्येक दिवस. देश वेगळे, पूल वेगळे, दगडाचे, काँक्रीटचे. ड्रायव्हरांची गोष्ट तीच. मी साइड दिली. मी चहाला थांबलो. माझ्या पुढची गाडी गेली.

या गोष्टीत नशिबाचा वाटा इतका मोठा का असावा?

याचं उत्तर सिंधुदुर्गातल्याच एका जागी आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेच्या रुळांवर दरड आली, सुट्टीची विशेष गाडी घसरली आणि ५० हून अधिक माणसं गेली. पुढच्याच पावसाळ्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. रेल्वेने त्यातून धडा घेतला. आज पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, रात्री रुळांवर माणसं गस्त घालतात, मुसळधार पाऊस असेल आणि पुढचं दिसत नसेल तर चालकाने ताशी ४० किलोमीटरवर यायचं असा नियम आहे. आणि तीन पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे: माणगाव-वीरमधली काळ नदी, चिपळूण-कामथेमधली वाशिष्ठी, आणि वीर-सापे वामनेमधली सावित्री.

सावित्री. तीच नदी. रेल्वेला तिचं पाणी चढल्याचं यंत्र सांगतं, चालकाला नियंत्रण कक्ष सांगतो. काही किलोमीटरांवर त्याच नदीवरून ४० माणसं घेऊन एसटी नेणाऱ्या किंवा १० टन माल ओढणाऱ्या ड्रायव्हरला २०१६ मध्ये कोणी काही सांगत नव्हतं. रेल्वे उशिरा आली तर प्रवासी कुरकुरतात आणि बसून राहतात. ट्रक उशिरा आला तर ड्रायव्हरचं भाडं कापलं जातं. हा फरक पैशाचा कमी आणि थांबण्याची जबाबदारी कुणावर टाकली आहे याचा जास्त आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की पूर आलेल्या नदीवर जायचं की नाही, हे ड्रायव्हरने ठरवायचं नाही. त्याला पुलाखालचं दिसत नाही, काकांनी सांगितलंच आहे. प्रत्येक मोठ्या पुलाच्या खांबावर पाण्याची खूण रंगवलेली असावी, रात्री दिसेल अशी. त्या खुणेवर पाणी गेलं की फाटक पडावं, जगबुडीला जसे पोलीस उभे राहायचे तसे प्रत्येक नदीला उभे राहावेत, आणि पाणी ओसरल्यावर पाया तपासल्याशिवाय फाटक उघडू नये. उन्हाळ्यातली पाहणी पुरेशी नाही, कारण उन्हाळ्यात नदी खड्डा भरून ठेवते. यातलं काहीही परदेशी तंत्रज्ञान नाही. खेडच्या पोलिसांनी ते बॅटरी आणि शिट्टीवर केलेलं आहे.

आज त्या रस्त्याने जाल तर पुष्कळ बदललं आहे. बहुतेक नद्यांवर रुंद नवे पूल आहेत, कशेडीला बोगदा आहे, घाटातला तो पाऊण तास दहा मिनिटांवर आला आहे. पण महामार्गाचे काही तुकडे अजून रखडलेले आहेत, आणि नवं म्हणजे पक्कं असंही नाही. १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. खाली कोणी सापडलं नाही, हे पुन्हा नशीब. आणि महामार्ग सोडून आत वळलात की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या खाड्यांवर, ओढ्यांवर जुने साकव आणि पूल आहेतच, त्यांच्यावरून चिऱ्याचे डंपर आणि आंब्याच्या गाड्या रोज जातात.

काकांसारखी माणसं अजून त्या रस्त्यावर आहेत. महाडच्या त्या लाइनीत रात्र काढलेले कितीतरी ड्रायव्हर आजही ट्रिपा मारतात, सावित्री आली की वेग कमी करतात, काही जण नाणं टाकतात. त्यांनी शिकलेलं शहाणपण साधं आहे: पुढे जाणाऱ्या गाडीच्या लाल दिव्यावर नजर ठेव, तो दिसेनासा झाला तर ब्रेक मार आणि मागच्याला अडव. गॅरेजमधल्या माणसांनी त्या रात्री नेमकं तेच केलं होतं.

म्हणून व्यापाऱ्यांना, मालकांना, आणि गणपतीला गावी येणाऱ्या तुम्हालाही एक विनंती. पावसाळ्यात रात्री तुमच्या ड्रायव्हरचा फोन आला, "पाणी चढलां हा, गाडी थांबयलंय," तर पोचणार कधी हे विचारू नका. उशिराचं भाडं कापू नका. थांबलास ते बरं केलंस म्हणा, आणि आजूबाजूच्या गाड्याही थांबव म्हणून सांगा.